भरपूर बर्फाच्या हिवाळ्यात लिंगेनला बॅककंट्री स्कीइंग: काय बघायचं, काय न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिसॉर्टमध्ये लिफ्टने वर जाऊन अवघड उतारांवर स्की करायची चांगली सवय आहे, मार्चमध्ये चौघांनी उत्तर नॉर्वेत लिंगेनला जायचं ठरलंय, लिफ्ट नाही, चढायचंही स्कीवरच. यंदा तिकडे बर्फ प्रचंड पडलाय. मग बर्फ जास्त म्हणजे हिमस्खलनाचा धोका कमी का? आणि सामान काय लागेल?

सामानाचं उत्तर सोपं आहे, ते नंतर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बर्फाच्या बुडाशी कच्चा थर होण्याचा धोका बहुधा कमी, पण घसरणारी गादी, धारेवरचे छज्जे आणि खालच्या घळी यांचा जास्त.

आधी तळ. जमिनीलगतचा बर्फ हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास असतो आणि वरचा पृष्ठभाग हवेबरोबर थंड होतो. बर्फ ५० सेंमी जाड आणि वर उणे १५ असेल, तर दर १० सेंमीला ३ अंशांचा फरक पडतो. हा फरक दर १० सेंमीला साधारण १ अंशाच्या वर गेला की खालची वाफ वर सरकायला लागते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून बसायचं सोडून कोनदार, सुटे दाणे होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात, गोळा वळत नाही. हा झाला कच्चा थर. पुढे पडणारा सगळा बर्फ त्याच्यावर उभा राहतो. तेच बर्फ दोन मीटर जाड असेल तर त्याच थंडीत दर १० सेंमीला पाऊण अंशाचाच फरक पडतो, कण जुळत जातात, बुड पक्कं होतं. म्हणून कमी बर्फाचा आणि कडाक्याच्या थंडीचा हिवाळा जास्त दगाबाज असतो, हे खरं.

मात्र दोन मीटर ही सरासरी असते. वारा धारेवरचा बर्फ उचलून पलीकडच्या कुशीत टाकतो. एका बाजूला कातळ उघडा पडलेला आणि पन्नास पावलांवर तीन मीटरची गादी, असं चित्र तिथे नेहमीचंच. स्कीयरच्या वजनानं कच्चा थर मोडतो तो बहुतेक वेळा जाड गादीच्या मधोमध नाही, तर तिच्या कडेला, कातळाजवळ, जिथे बर्फ पातळ आहे तिथे. एकदा मोडला की ती फूट थराथरातून पळत जाते आणि जाड भाग खाली ओढून आणते. बर्फातून डोकं काढणारे खडक दिसले की त्यांना चिकटून जायचं नाही, हा नियम त्यातूनच आलाय.

लिंगेनची दुसरी गोष्ट म्हणजे समुद्र. डोंगर थेट फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, पाण्यातून उठतात. सर्वांत उंच जिएह्केवारी १८३४ मीटर. समुद्रावरून उबदार हवा आली की ऐन हिवाळ्यातही बऱ्याच उंचीपर्यंत पाऊस पडतो, मग गोठतो, मग त्या काचेसारख्या कवचावर नवा बर्फ. कवच स्वतः मजबूत असतं, त्याला लागून वरखाली जे साखरदाणे तयार होतात ते नसतात. त्यामुळे एकूण जाडी कितीही असो, शेवटचा पाऊस कधी आणि कुठल्या उंचीपर्यंत झाला, हा प्रश्न तिथे पहिला विचारायचा.

भरपूर बर्फानं वाढणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. जमीन गोठायच्या आत जाड बर्फ बसला तर बुडाशी ओल राहते आणि गवताळ किंवा गुळगुळीत कातळाच्या उतारावर अख्खी गादीच्या गादी हळूहळू घसरायला लागते. वरच्या अंगाला कमानीसारखी भेग पडते, खाली गवत दिसतं. ही भेग तासाभरात सुटेल की तीन आठवडे तशीच राहील, हे कोणालाही सांगता येत नाही. पहाटेच्या थंडीतही ती सुटते, स्कीयर लागत नाही. तिच्याखाली थांबायचं नाही, डबा तर अजिबात उघडायचा नाही. धारेवरचे बर्फाचे छज्जे, म्हणजे कॉर्निस, अशा वर्षी फार मोठे होतात आणि तुटताना आपण समजतो त्याच्या बरंच मागून, कधी सपाट वाटणाऱ्या माथ्यातून तुटतात. फोटोसाठी टोकापर्यंत जाणं यंदा विसरा. शिवाय खालच्या घळी आणि ओढ्यांची पात्रं अर्धी भरलेली असली तरी खड्डेच असतात. छोटंसं स्खलनही अशा अरुंद जागी साचून माणसाला दोन-तीन मीटर खोल गाडतं. मोकळ्या उतारावर तेवढाच बर्फ गुडघ्यापर्यंत येऊन थांबला असता.

आता मुद्द्यावर येतो. बर्फाच्या आत काय चाललंय ते पूर्णपणे कोणाला दिसत नाही. उताराचा कोन मात्र मोजता येतो, आणि स्लॅब, म्हणजे बर्फाची एकसंध लादी, सुटायला कोन लागतोच. ३० अंशांच्या खाली स्लॅब सहसा सुटत नाही. ३० ते ४५ हा खरा टापू आणि त्यातही ३८ च्या आसपास सर्वाधिक सुटतात. दुर्दैवानं स्कीला सगळ्यात मजा येते तीही तिथेच. २५ ते २८ अंशांवर ताज्या भुसभुशीत बर्फात उत्तम स्की होते, हे रिसॉर्टमधून येणाऱ्यांना पटत नाही, कारण पाटा मारलेल्या कडक उतारावर २५ अंश कंटाळवाणे वाटतात. पहिले दोन दिवस हेच उतार घ्या.

कोन मोजायला मोबाइलमधलं क्लिनोमीटर चालतं, पण काठ्यांची रीत हातमोजे न काढता जमते. एक काठी उताराच्या दिशेनं बर्फावर आडवी दाबून ठसा घ्या. तिचं वरचं टोक जागेवर ठेवून खालचं टोक उचला. त्या उचललेल्या टोकापासून तेवढ्याच लांबीची दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ लोंबू द्या आणि तिचं टोक बर्फाला टेकेपर्यंत पहिली खालीवर करा. टोक नेमकं ठशाच्या खालच्या टोकाला टेकलं तर उतार ३० अंश. ठशाच्या खाली टेकलं तर दर १० सेंमीला साधारण ३ अंश वाढवा, वर टेकलं तर तेवढेच कमी करा.

आपण उभे आहोत तो उतार एवढंच बघून भागत नाही. आपण १५ अंशांवर चालतोय आणि डोक्यावर ३५ अंशांची भिंत आहे, तर आपण स्खलनाच्या वाटेतच आहोत. कच्चा थर पसरलेला असेल तर खालच्या सपाटीवरून चालणाऱ्याच्या वजनानंही वरचा उतार सुटतो. नॉर्वेच्या एनव्हीई या सरकारी संस्थेच्या नकाशावर ३० अंशांवरचे उतार रंगवलेले असतातच, त्याशिवाय स्खलन कुठवर पोचू शकतं तेही दाखवलेलं असतं. वाट आखताना हा दुसरा रंग जास्त महत्त्वाचा.

रोजचा हिमस्खलन अंदाज डिसेंबर ते मे वारसोम या त्यांच्याच संकेतस्थळावर इंग्रजीतही येतो. धोक्याच्या पाच पातळ्या आहेत आणि त्या पायऱ्यांसारख्या समान नाहीत. एकेक पातळी वर जाताना धोका काही पटींनी वाढतो. नवखे लोक "पाचपैकी तीन, म्हणजे मध्यम" असं वाचतात. चूक. तीन म्हणजे एका माणसाच्या वजनानंही स्लॅब सुटू शकतो, आणि मृत्यू सर्वांत जास्त याच पातळीला होतात, कारण चारला लोक बाहेर पडत नाहीत. सोपी मर्यादा अशी पाळा: तीनला ३० अंशांच्या आत आणि वरही काही लटकत नको, दोनला ३५ च्या आत, अंदाजात नावं घेतलेल्या दिशा आणि उंची टाळून, चारला डोंगराच्या पायथ्याच्या स्खलनवाटासुद्धा नकोत.

आकड्याखाली जे लिहिलेलं असतं ते आकड्याहून जास्त कामाचं. "वाऱ्यानं साचलेला बर्फ" ही अडचण डोळ्यांना दिसते: पृष्ठभाग फुगीर, स्कीखाली पोकळ आवाज, उशीसारखे गोलवे. बाजूनं वळसा घालता येतो. "टिकून राहिलेला कच्चा थर" दिसत नाही आणि आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. अंदाजात हा शब्द असेल तर उताराच्या कोनावर घासाघीस करू नका.

नवा बर्फ किती पडला की सावध व्हायचं, तर परिस्थितीवर आहे. वारा जोराचा, थंडी कडक, जुना पृष्ठभाग साखरदाणेदार असेल तर १० ते २० सेंमीही पुरे होतात. वारा नाही, तापमान शून्याच्या थोडं खाली, जुना पृष्ठभाग खडबडीत असेल तर ३० ते ५० सेंमीपर्यंत चालतं. वादळानंतरचा पहिला निळ्या आकाशाचा दिवस सगळ्यांना बाहेर ओढतो. अपघातांचा दिवसही बहुधा तोच असतो.

डोंगरावर तीन खुणा वाद न घालता मानायच्या: आसपास ताजी स्खलनं, स्कीच्या टोकापासून काचेसारख्या पळणाऱ्या भेगा, आणि "व्हुम्फ" असा घशातल्या घशात आल्यासारखा आवाज, ज्यात पायाखालची जमीन बोटभर खचल्यासारखी वाटते. तो आवाज म्हणजे खालचा कच्चा थर आत्ता, इथे मोडला. सपाटीवर होतो म्हणून आपण गाडले जात नाही, एवढंच.

खड्डा खणून खांब-चाचणी घेता येते. ९० सेंमी रुंद आणि मागे ३० सेंमी खोल असा बर्फाचा खांब दोरीनं किंवा करवतीनं चहूबाजूंनी सुटा करायचा, एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवून आधी १० थापा मनगटातून, मग १० कोपरातून, मग १० खांद्यातून. फूट पडून त्याच थापेला किंवा पुढच्या थापेला खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आरपार गेली, तर तो उतार सोडा. नुसती फावड्याखाली फुटली आणि थांबली, तर एवढंच कळलं की या ठिकाणी, या थराला, आज असं झालं. मीटरभरापेक्षा खोल गेलेला कच्चा थर ही चाचणी धड दाखवत नाही, आणि यंदासारख्या वर्षी तो खोलच असणार. चाचणीनं फक्त "नको" म्हणायचं. "जा" म्हणायला तिचा वापर करणारे लोक बरेच भेटतात.

चढताना ३० च्या जवळच्या उतारावर दोघांत १० मीटर अंतर, उतरताना एकेक जण, आणि थांबायचं ते सोंडेवर किंवा उंचवट्यावर, उताराच्या तळाशी नाही. चढाच्या वाटेचा कोन १० ते १५ अंश ठेवा. नवखे टाचेखालची उंची वाढवून सरळ वर जातात, तासाभरात पोटऱ्या जातात. स्की उचलायची नाही, सरकवायची.

वेळेचा हिशेब: आडवं अंतर किलोमीटरमध्ये, अधिक चढ शेकडा मीटरमध्ये, बेरजेला ४ नं भागा. ५ किमी आणि १००० मीटर चढ म्हणजे १५ भागिले ४, पावणेचार तास. ताज्या खोल बर्फात वाट पाडत जायचं असेल तर भाजक ३ धरा, म्हणजे ५ तास, आणि पुढचा माणूस दर दीड-दोनशे पावलांना बदला. तो दमल्यावर नाही, त्याच्या आधी. जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. मार्चच्या विषुवदिनाला बारा तासांचा दिवस मिळतो. मार्च निवडलात ते चांगलं केलंत.

आता सामान. स्की कंबरेला, म्हणजे मधोमध, ९५ ते १०५ मिमी रुंद, एकेक दीड किलोच्या आसपास. त्याहून हलकी घेतली तर चढताना आनंद आणि वाऱ्यानं कडक झालेल्या बर्फात उतरताना शिक्षा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी कळ, पिनवालं. त्यातली एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही: पुढच्या जबड्याच्या स्प्रिंगखाली बर्फ दाबून बसला की पिना पूर्ण मिटत नाहीत, बूट बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या वळणाला स्की निघून जाते. दर वेळी काठीच्या टोकानं तो बर्फ खरवडा, बुटाच्या खाचाही बघा, बूट अडकवल्यावर टाच चार-पाच वेळा वरखाली झुलवून मगच पुढचं कुलूप लावा. उतरायला निघताना ते कुलूप काढा, नाहीतर पडल्यावर स्की सुटायची नाही आणि गुडघा जाईल.

स्किन्स, म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायचे केसाळ पट्टे, मोहेर आणि नायलॉन मिश्र घ्या. निव्वळ मोहेर सरकतात छान पण नवख्याला घसरवतात. कडेला दोन्ही बाजूंनी पोलादी धार उघडी राहील असे कापा. दिवसात दोन-तीनदा काढ-घाल असेल तर गोंद हाच कच्चा दुवा. लावण्याआधी स्कीचा तळ बाहीनं कोरडा पुसा. तळावर बर्फाची पूड राहिली की शेपटीकडून पट्टा सुटायला लागतो, मग त्या फटीत आणखी बर्फ, आणि पंधरा मिनिटांत पट्टा हातात. काढल्यावर गोंद गोंदाला लावून घडी जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेला. सॅकमध्ये टाकलेले स्किन्स दुसऱ्या चढाला चिकटत नाहीत. तरी फसलंच तर रबरी पट्टे, दर स्कीला दोन, ते सगळं वाचवतात. वसंताच्या उन्हात ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात शिरलात की पट्ट्याखाली वीतभर ढेकळं चिकटतात. त्यावर मेणाची वडी केसांच्या दिशेनं घासणं हा एकच उपाय, आणि तो सकाळीच करायचा. स्की क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीखाली लावायचे धातूचे दाते, न्याच. पावसाच्या कवचावर आडवं जाताना त्यांच्याशिवाय काही खरं नाही.

कपड्यांवर फार लिहीत नाही: चढताना घाम येऊ न देणं, हातमोज्यांचे दोन जोड, थांबल्यावर घालायला जाड जॅकेट. नळीवाली पाण्याची पिशवी गोठते, बाटली न्या.

ट्रान्सीव्हर (सिग्नल सोडणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे. ट्रान्सीव्हर तीन अँटेनांचा, ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा; बॅटऱ्या अल्कलाइन आणि नव्या, कारण रिचार्जच्या बॅटऱ्यांची टक्केवारी फसवते. मोबाइल त्याच्यापासून प्रसारणाच्या वेळी किमान २० सेंमी, शोधताना किमान ५० सेंमी दूर. प्रोब यंदा २८० ते ३०० सेंमीचा. फावडं धातूचं, प्लास्टिकचं पातं थिजलेल्या ढिगाऱ्यावर फुटतं.

हे सगळं वापरता येणं म्हणजे काय, ते मिनिटांत मोजायचं. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानं ती साधारण तिसऱ्या हिश्शावर येते. बचाव पथक एवढ्यात पोचत नाही. एकानं ११२ ला फोन करायचा, बाकीच्यांनी लगेच शोध. मोबाइलला रेंज नसेल तर ती शोधायला खाली धावायचं नाही, आधी खणायचं. सिग्नल मिळेपर्यंत ढिगाऱ्यावर ४० मीटरच्या पट्ट्यांनी धावा, पुढे बाण दाखवेल तसं. यंत्रावरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की वेग मोडा: ट्रान्सीव्हर बर्फाला टेकवून, दिशा न फिरवता, आधी सरळ रेषेत सगळ्यात लहान आकडा, मग काटकोनात. बहुतेकांची मिनिटं इथेच जातात, कारण घाईत यंत्र फिरवलं की आकडे नाचतात. मग प्रोब पृष्ठभागाला काटकोनात, २५ सेंमीच्या अंतरानं गोल गोल बाहेर. लागला की प्रोब तिथेच ठेवायचा.

खणायचं प्रोबच्या वर नाही. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन तिथून आडवं आत शिरायचं. मीटरभर खोल माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ हलवावा लागतो. तो उचलून फेकायचा नाही, वल्ह्यासारखा मागे ढकलायचा. पुढचा तोडतो, मागचे दोघे सारतात, दर मिनिटाला जागा बदल. चेहरा दिसला की आधी तोंडातला बर्फ काढून श्वास मोकळा करा, मग छाती मोकळी करा, बाकी शरीर नंतर.

हे घरी वाचून येत नाही. निघण्याआधी दोन-तीन दिवसांचा हिमस्खलन अभ्यासवर्ग चौघांनी करावा, आणि पहिली वेळ असल्यानं निदान पहिले दोन दिवस आयएफएमजीए (पर्वत-गाइडांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) बिल्ल्याचा गाइड घ्यावा. गाइड असला तरी रोज सकाळी गाडीपाशी तपासणी चुकवू नका: एक जण शोध-मोडवर उभा, बाकीचे १० मीटरच्या अंतरानं प्रसारण चालू ठेवून त्याच्यासमोरून जाणार, मग तो स्वतः प्रसारणावर आणि एखादा त्याला तपासणार. यात बंद राहिलेला एखादा ट्रान्सीव्हर सापडतोच, बहुतेक वेळा चौथ्या दिवशी.